कोऱ्या काचेतला हिरवा उजेड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि गेल्या दसऱ्याला मी खोटी साक्ष दिली. सोळा वर्षांच्या आयुष्यात माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही, म्हणून मन मोकळं करायला बसलो आहे. बसलो आहे म्हणजे काय, मला जिथे ठेवलंय तिथेच आहे. दीड फूट उंच, उचलायला दोन माणसं लागतील एवढा जड, आणि डाव्या खांद्याचा रंग उडालेला.

माझी भिंगं परदेशात घासली गेली, पण मी पाहायला शिकलो तो चाकणला. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याने मला विकत घेतलं आणि तपासणी विभागात एका दगडी ओट्यावर बसवलं. माझं काम होतं पोलादाचे दाणे पाहायचं. हसू नका, पोलादालाही दाणे असतात. भट्टीतून आलेल्या गिअरचा एक तुकडा कापायचा, घासून घासून आरशासारखा करायचा आणि माझ्यावर उलटा ठेवायचा. मग त्याच्या पोटातली केसाहून बारीक चीरसुद्धा मी दाखवून देत असे. मी चीर दाखवली की अख्खा लॉट परत जाई. मोठमोठे साहेब माझ्यापुढे वाकत. वाकल्याशिवाय काही दिसायचंच नाही ही गोष्ट वेगळी, पण वाकत खरे.

ते तुकडे घासणारा माणूस होता चिमाजी. चऱ्होलीचा, जुन्या गाववाल्यांपैकी. आजूबाजूच्या शेतांत इमारती उठल्या तरी त्याच्या बोलण्यातलं 'व्हय' आणि 'न्हाई' काही हललं नव्हतं. माझी चाकं कुठे अडतात, कोणता स्क्रू किती पिळायचा, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दर खंडेनवमीला तो मला हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली आणि समोर नारळ फोडी. ज्या यंत्रावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस हात जोडायचे, ही या कारखान्यांच्या पट्ट्यातली रीत. पोलादाला हळदीचं काही सोयरसुतक नव्हतं. मला मात्र ती पूजा फार आवडायची, हे कबूल करतो.

अकरा वर्षांनी कॅमेरावालं नवं यंत्र आलं. तुकडा ठेवला की ते स्वतःच चीर शोधी आणि कागद छापून देई. मग मला स्टोअरमध्ये तेलाच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवलं. दोन वर्षं माझ्या अंगावर कुणी फडकंही फिरवलं नाही. उंदरांनी माझी वायर कुरतडली. मी तेव्हा मनाने खचलो होतो, पण निदान मी कुणाला फसवलं नव्हतं, एवढं समाधान होतं.

तिथून मला उचललं ते निरंजन सरांनी. भोसरीच्या पुढे एमआयडीसीत एका शेडच्या पहिल्या मजल्यावर त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. तिथे कॅन्सरच्या औषधावर काम चाले. त्याच सुमारास चिमाजीचं कारखान्यातलं काम सुटलं होतं. 'हे मशीन माझ्याशिवाय कुनाचं ऐकत न्हाई' असं त्याने सरांना ठणकावून सांगितलं, आणि सरांनी दोघांनाही घेतलं. माझ्या पाठीला निळा दिवा बसवला, उजेडातला नको तो रंग अडवणाऱ्या नव्या गाळण्या बसवल्या. पोलाद पाहणारा मी आता जिवंत पेशी पाहू लागलो. पहिल्या दिवशी पेशी हळूच सरकताना पाहिली तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो. पोलादाचे दाणे कधी हलत नसत.

तिथली विजयश्री नावाची मुलगी माझ्यावर काम करी. तीन वर्षं तिने एकच ध्यास घेतला होता. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी ती काचेच्या गोल तुकड्यांवर वाढवी. त्यांच्यावर ती नॅनोकण सोडी. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा एक कण. त्या कणाच्या पाठीवर औषध. कण पेशीच्या आत शिरला तर औषध नेमकं दुखण्याच्या जागी पोचणार आणि बाकीचं शरीर वाचणार, असा सगळा हिशेब. कण इतके लहान की त्यांचं अंग मलाही दिसत नाही. म्हणून त्यांना एक रंग लावलेला असतो. निळा उजेड पडला की तो रंग हिरवा चमकतो, आणि त्या ठिपक्यावरून मी सांगतो की कण कुठपर्यंत पोचलाय.

इथे विजयश्रीचा एक कडक नियम होता. प्रत्येक वेळी ती एक कोरी काच बनवी. तिच्यावर पेशी असत, पण नॅनोकण एकही नसे. ती काच आधी पाहायची, आणि ती काळी दिसली तरच दुसरीकडे वळायचं. कोऱ्या काचेत काही चमकलं, तर मी किंवा आणखी कुणी घोळ घातलाय हे उघड. तीन वर्षं कोरी काच काळी होती आणि कणांची काचही जवळपास काळीच होती. कण पेशीच्या दारापर्यंत जात आणि तिथेच अडत.

आणि मग गेल्या दसऱ्यानंतरचा शुक्रवार उजाडला.

निरंजन सर कुठल्याशा बैठकीला निघाले होते, हातात जेमतेम दहा मिनिटं. "कोरी नंतर बघू, आधी खरी दाखव," ते म्हणाले. विजयश्री क्षणभर घुटमळली, मग तिने चिमट्याने कणांची काच उचलून माझ्यावर ठेवली आणि निळा दिवा लावला. मित्रांनो, माझ्या आत लख्ख हिरवा उजेड पडला. एक पेशी नाही, दोन नाही, सगळ्या पेशी आतून उजळल्या होत्या. विजयश्री भिंगावरून डोळा हटवून मागे सरली आणि सरळ जमिनीवर बसली. सर वाकून पाहू लागले. बैठकीला ते गेलेच नाहीत. कोऱ्या काचेची त्या गडबडीत कुणाला आठवण राहिली नाही.

विजयश्रीने चिमाजीलाही बोलावलं. "मामा, तुम्ही पण बघा. तुमचंच मशीन आहे."

चिमाजी कितीतरी वेळ पाहत राहिला. "हे समदं औषध हाय?"

"औषधाचे कण. पेशीच्या आत गेलेत."

"म्हंजे पोचलं म्हनायचं."

"पोचलं, मामा."

त्याने डोळे पुसले. एवढं रडण्यासारखं त्यात काय आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. मी माझ्याच तोऱ्यात होतो. अडगळीतून आलेल्या म्हाताऱ्या यंत्राने हे दाखवलं, असं सर फोनवर कुणाकुणाला सांगत होते, विजयश्री छायाचित्रं पाठवत होती आणि मी फुगत होतो.

सोमवारी विजयश्रीने तोच प्रयोग पुन्हा मांडला, कारण एकदा दिसलेलं शास्त्रात धरत नाहीत. या वेळी कुणाची घाई नव्हती. नियमाप्रमाणे तिने कोरी काच आधी ठेवली. दिवा लावला.

हिरवा उजेड.

तिने दिवा बंद केला, पुन्हा लावला. पेशी तशाच उजळल्या होत्या, शुक्रवारपेक्षा काकणभर जास्तच. त्या काचेवर औषधाचा एक कणही नव्हता. मी जे दाखवत होतो ते अस्तित्वातच नव्हतं. चाकणला मी एकदा जरी अशी चीर दाखवली असती जी नाही, तर मला भंगारात काढलं असतं आणि ते योग्यच झालं असतं. विजयश्रीने माझी भिंगं पुसली, गाळण्या बदलून पाहिल्या, मग पेशीसुद्धा नसलेली साधी पाण्याची काच चिमट्याने उचलून ठेवली. तीही फिकट हिरवी दिसली.

तेव्हा तिने खोलीचे काळे पडदे ओढले आणि नोटा तपासायला दुकानात असतो तसला जांभळट उजेडाचा टॉर्च माझ्या अंगावरून फिरवला. माझी चाकं चमकली. काच ठेवायची माझी फळी चमकली. शेजारचा चिमटा टोकापासून मुठीपर्यंत चमकला. आणि माझ्या उडालेल्या रंगाच्या खांद्यावर पाच बोटांचा ठसा स्वच्छ उमटला होता, पिवळट हिरवा. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच किळस आली.

एवढ्यात चहा घेऊन चिमाजी आत आला आणि दारातच थबकला. स्वतःची बोटं त्याने ओळखली.

"मामा, मशीनला काय लावलंय?" विजयश्रीने विचारलं.

"खंडेनवमी व्हती, मॅडम," तो म्हणाला. "हळदकुंकू लावलं. हितं काही आनायचं न्हाई ह्ये मला म्हाईत हाय. हितं आल्यापास्नं लांबूनच हात जोडले, पन औंदा ऱ्हावलं न्हाई... तुमी यायच्या आत पुसून पन घेतलं. स्पिरिटनं पुसलं चांगलं. एक डाग ठिवला न्हाई."

"चिमटा?"

"त्याच फडक्यानं. रोज सकाळी त्याच फडक्यानं पुसतो."

विजयश्री स्टुलावर टेकली. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये सहज विरघळते. चिमाजीने ती पुसली नव्हती, सगळीकडे पातळ करून सारवली होती. डोळ्यांना पिवळा रंग दिसेनासा झाला, पण निळ्या उजेडात हळद हिरवी चमकते, आणि पेशींना ती इतकी आवडते की त्या तिला लगेच आत घेतात. चिमट्यावरची ती एवढीशी हळद प्रत्येक काचेत उतरली होती.

"म्हंजे औषध पोचलं न्हाई?" चिमाजीने विचारलं.

"नाही, मामा. पोचली ती हळद."

मला वाटलं, एवढंच दुःख. सरांना फोन करावा लागेल, पाठवलेली छायाचित्रं मागे घ्यावी लागतील, चार लोक हसतील. पण चिमाजीने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि तो भिंतीला धरून उभा राहिला.

"मॅडम, म्या मंजुळाचं आपरेशन रद्द केलंय."

मंजुळाबाई म्हणजे त्याची बायको. चऱ्होलीच्या चौकात भाजी विकते. चाळीस वर्षं मिश्री लावली, आणि गेल्या उन्हाळ्यात गालाच्या आत जखम झाली ती भरलीच नाही. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि मंगळवारची तारीख दिली. जबड्याचा एक भाग आणि अर्धी जीभ काढावी लागणार होती. प्रयोगशाळेत यातलं एक अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं. 'जीभ कापल्यावर गिऱ्हाइकाशी बोलू कशानं?' असं म्हणून ती आधीच अडून बसली होती, आणि शुक्रवारी चिमाजीने घरी जाऊन तिला सांगितलं होतं की आता कापायची गरज न्हाई, आमच्या लॅबमधी औषध पोचलंय, म्या सोताच्या डोळ्यांनी बघितलंय.

त्याच्या डोळ्यांनी नव्हे. माझ्या.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या भिंगांना तडा गेला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. गिअरमध्ये चीर राहिली तर गाडी बंद पडते. इथे एक बाई माझ्या शब्दावर थांबली होती, आणि तिच्या तोंडातलं दुखणं काही थांबलं नव्हतं.

"मामा," विजयश्री म्हणाली, "कण खरंच आत गेले असते ना, तरी हे औषध माणसाला मिळायला दहा वर्षं लागली असती. आधी उंदीर, मग पुढच्या कितीतरी चाचण्या."

"धा वर्सं?" चिमाजी तिच्याकडे पाहतच राहिला. "मला कुनी बोललं न्हाई."

"नाही बोललो आम्ही. तुमच्यासमोर नाचलो फक्त." तिने टेबलावरचा फोन उचलला. "आणि कोरी काच आधी बघितली असती तर शुक्रवारीच कळलं असतं. हळद तुमची, पण चूक माझी आहे."

तिने रुग्णालयात फोन लावला. तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. संध्याकाळी पाचपर्यंत कळवा, नाहीतर पुढची तारीख पाच आठवड्यांनी, असं पलीकडून सांगितलं. चिमाजीने घरी फोन केला. मंजुळाबाईचा आवाज मलाही ऐकू येत होता, जड, शब्द चावत बोलल्यासारखा.

"परवा एक सांगितलं, आज दुसरं सांगताय. मला कापायला न्यायचं म्हनून घाबरवताय व्हय?" आणि तिने फोन ठेवून दिला.

"त्यांना इथे घेऊन या," विजयश्री म्हणाली. "ज्या मशीनने सांगितलं त्यालाच विचारू दे त्यांना."

चिमाजी चऱ्होलीला गेला. विजयश्रीने माझं अंग चार वेळा धुतलं, ते फडकं कचऱ्यात टाकलं, नवा चिमटा उघडला आणि नव्या काचा मांडल्या. इतकं काळजीपूर्वक तिने मला कधी पुसलं नव्हतं, आणि इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. या वेळीही मी चुकलो तर?

साडेतीनला मंजुळाबाई आली. तोंडावर पदर धरलेला, गाल एका बाजूने सुजलेला. ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच माझ्यापुढे वाकली.

विजयश्रीने आधी सकाळची हळदीची काच ठेवली. "मामी, हे बघा. यात औषध अजिबात नाही."

"हिरवंगार हाय की."

"ती मामांची हळद आहे. हेच बघून त्यांनी तुम्हाला सांगितलं."

मग तिने नवी कोरी काच ठेवली. काळोख. माझा जीव भांड्यात पडला. मग कणांची काच. या काचेवर खरं औषध होतं.

मंजुळाबाई बराच वेळ पाहत राहिली.

"आंधार हाय," ती म्हणाली. "चार-दोन ठिपके दिसत्यात."

"तेच औषधाचे कण. पेशीच्या बाहेर चिकटलेत. आत जायला अजून जमत नाहीये त्यांना."

"दारातच उभं हायती."

"हो, मामी. तीन वर्षं झाली."

"आन् माझ्या तोंडातलं तवर थांबतंय व्हय?"

विजयश्रीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही थांबत, मामी. ते रोज पुढे जातंय."

मंजुळाबाईने आणखी एकदा वाकून पाहिलं. मी जेवढं होतं तेवढंच दाखवलं. एवढा अंधार दाखवायला मला कधी इतकी ताकद लागली नव्हती. मग ती सरळ झाली, पदर नीट केला आणि नवऱ्याकडे वळली. "अवं, पाच वाजायच्या आत फोन लावा. आन् शेजारच्या शालनबाईला सांगा, उद्या भाजीवर तिनं बसायचं."

ऑपरेशन झालं. रोग घशापासून बोटभर अंतरावर होता, असं डॉक्टर म्हणाले. पाच आठवडे तो तिथेच थांबला असता का, हे कुणी सांगितलं नाही आणि चिमाजीनेही विचारलं नाही. मंजुळाबाई आता अर्ध्या जिभेने बोलते. अनोळखी गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागतं, ओळखीच्यांना एकदाच. चिमाजी राजीनामा घेऊन आला होता, तो सरांनी फाडून टाकला. विजयश्रीने जिथे जिथे छायाचित्रं पाठवली होती तिथे तिथे स्वतःच्या नावाने चूक कळवली. काहीजण हसले. तिने तेही निमूटपणे सोसलं.

मित्रांनो, मला जपा. माझी भिंगं पुसा, माझ्या वायरी उंदरांपासून वाचवा, वाटल्यास दुरून हातही जोडा. पण मला जपायचं म्हणजे मुख्यतः एवढंच की माझ्यावर भरवसा टाकण्याआधी दरवेळी मला एकदा तपासून पाहा, मी कितीही जुना आणि कितीही लाडका असलो तरी. आणि तुमच्या घरात कुणाच्या तोंडातली जखम भरत नसेल, तर माझ्याकडे येऊ नका. आधी दवाखान्यात जा.

कण अजून दारातच उभे आहेत. विजयश्री रोज सकाळी कोरी काच ठेवते, मी तिला अंधार दाखवतो आणि ती पुढची काच उचलते. कधीतरी ते आत शिरतील आणि हिरवा उजेड खरोखर पडेल. त्या दिवशी तो पाहायला मंजुळाबाईला बोलवायचं, असं विजयश्रीने ठरवलंय. आणि बोलावलं, तर यायला ती आहे.